ग्लाडबेकनंतर जर्मनीने काय केलं आणि २६/११ नंतर आपण काय केलं

आमच्या घरच्या ग्रुपवर मीडियावरून वाद पेटला की शेवटी कोणीतरी मला म्हणतंच, तुझं बरं आहे, जर्मन लोक मुळातच शिस्तीचे, तिकडचे पत्रकार असला तमाशा करणारच नाहीत. परवा मामांनीही हेच लिहिलं. मामा, मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगते, कारण मी राहते त्याच कोलोन शहरात जर्मन पत्रकारितेची सगळ्यात लाजिरवाणी घटना घडलीय.

ऑगस्ट १९८८. ग्लाडबेक नावाच्या गावात दोघांनी बँक लुटली, ओलीस घेतले, मग ब्रेमेनला जाऊन प्रवाशांनी भरलेली एक सिटी बसच पळवली. हे सगळं तीन दिवस चाललं आणि या तीन दिवसांत पत्रकार त्यांच्या मागे नाही, त्यांच्या सोबत होते. हातात पिस्तूल धरलेल्या माणसाची बसच्या बाहेर उभं राहून मुलाखत. कोलोनच्या ब्राइटं श्ट्रासंवर, म्हणजे भर बाजारपेठेत, त्यांची गाडी थांबली तर रिपोर्टर आणि फोटोग्राफरनी गाडीला गराडाच घातला, मानेला पिस्तूल लावलेल्या मुलीला विचारत होते की तुम्हाला कसं वाटतंय. एक पत्रकार तर गाडीत बसून त्यांना हायवेपर्यंत रस्ता दाखवायला गेला. शेवटी १५ वर्षांचा एक मुलगा आणि १८ वर्षांची ती मुलगी, दोघं गेली, शिवाय पाठलागात झालेल्या अपघातात एक पोलीस गेला. (नावं मुद्दाम लिहीत नाहीये.)

म्हणजे शिस्त रक्तात वगैरे काही नव्हती. फरक पडला तो नंतर. इथे प्रेसराट म्हणून पेपरवाल्यांनीच १९५६ मध्ये स्थापन केलेली संस्था आहे, तिच्या आचारसंहितेत ग्लाडबेकनंतर स्पष्ट लिहिलं गेलं की घटना चालू असताना गुन्हेगाराची मुलाखत घ्यायची नाही, पत्रकाराने त्यांच्या हातातलं हत्यार व्हायचं नाही. आरोपीचं नाव छापताना आडनावाचं फक्त पहिलं अक्षर, चेहरा धूसर, हेही इथे रोजच्या पेपरात दिसतं, अपवाद असतात पण ते का केले हे संपादकाला सांगावं लागतं. चूक झाली की प्रेसराट जाहीर ठपका ठेवते आणि तो त्याच पेपरने स्वतः छापायचा असतो. दंड नाही, फक्त लाज. काही पेपर छापायला टाळाटाळ करतात हेही खरं, आणि टीव्ही प्रेसराटच्या कक्षेत येतच नाही, त्यासाठी वेगळ्या संस्था. २०१५ मध्ये जर्मनविंग्सचं विमान पडलं तेव्हा मेलेल्यांचे फोटो छापल्याबद्दल परत ठपके बसलेच. पण तक्रारी कोणी केल्या तर साध्या वाचकांनी, शेकड्यांनी.

आता आपल्याकडे या. २६/११ ला नरिमन हाऊसवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो आपण सगळ्यांनी लाइव्ह बघितले, आणि पाकिस्तानात बसून फोनवर सूचना देणारेही तेच बघत होते. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनलांना यावरून फार कडक शब्दांत सुनावलं, की यात देशहित नव्हतं, तुमचा धंदा होता. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला आणि दहशतवादविरोधी कारवाईचं लाइव्ह प्रक्षेपण बंद झालं. चांगलंच झालं. पण मला इथेच खटकतं. नियम आला तो सुरक्षा दलांसाठी. साध्या माणसाचं काय?

२०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेल्यावर जे झालं ते आठवा ना. मृतदेहाचे फोटो फिरले, एका मुलीला कोर्टाच्या आधीच स्टुडिओत दोषी ठरवलं, तिच्या बिल्डिंगखाली माइक घेऊन झुंबड, डिलिव्हरीवाल्याच्या मागेसुद्धा धावले लोक. ती जवळजवळ महिनाभर तुरुंगात होती. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने क्लोजर रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल दिला, पण तोपर्यंत तिच्या आयुष्यातली जवळपास पाच वर्षं गेली होती, ती कुठलं चॅनल परत देणार?

बॉम्बे हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये यावर निकाल दिला, काही निवृत्त पोलीस अधिकारीसुद्धा याचिकाकर्ते होते. कोर्टाने सांगितलं की तपास चालू असताना आरोपीचं चारित्र्यहनन नको, साक्षीदारांच्या मुलाखती नकोत, आत्महत्येच्या बातमीत पेपरांसाठीच्या प्रेस कौन्सिलचे नियम टीव्हीनेही पाळायचे. म्हणजे कागदावर आपल्याकडे जर्मनीइतकंच, कदाचित जास्तच आहे. पण प्रेस कौन्सिलचा अधिकार टीव्हीवर चालत नाही आणि चॅनलांची स्वतःची जी संस्था आहे तिचा दंड २०२३ मध्ये जास्तीत जास्त १ लाख रुपये होता! त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानेच म्हटलं की हा दंड परिणामकारक नाही, कार्यक्रमातून जेवढं कमावलं त्या प्रमाणात हवा. मला हे शंभर टक्के मान्य आहे. सरकारने चॅनलांवर बसावं असं मी म्हणत नाहीये, ते तर अजून वाईट, मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी काही चॅनलांनी कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून खोटं दाखवलं, ते सरकारच्या सूचना असतानाही झालंच ना.

तर मामा, ग्रुपवर एखाद्या अँकरची क्लिप टाकून शिव्या घालण्यापेक्षा तक्रार लिहा. आधी चॅनलला लिहायचं, प्रक्षेपणापासून सात दिवसांच्या आत, कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ टाकून, आणि उत्तराने समाधान झालं नाही तर चॅनलांच्या त्या स्वतःच्या संस्थेकडे जायचं. मसुदा मी करून देते, सही तुमची.