‘फोर बाय फोर आहे ना, मग चला स्पितीला!’ – जरा थांबा

उन्हाळा लागला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा दोन दिवसांत तिघांनी मला पाठवला. त्यात म्हटलंय: फोर बाय फोर आणि जिगर एवढं असलं की हिमाचलमधलं स्पितीचं उंच खोरं गाडीने पार होतं. रस्ता गूगल दाखवतं. उंचीचा त्रास म्हाताऱ्यांना होतो, तरुणांना नाही. अडकलात तर मागून येणारा कुणीतरी ओढून काढतोच. आणि शेवटी, प्लॅनिंग करत बसणारे घरीच बसतात.

पुण्याहून गाडी काढून मी तीनदा तिकडे जाऊन आलोय. हा मेसेज वाचून जूनमध्ये निघणारी पोरं माझ्या ओळखीतली आहेत, म्हणून हे लिहितोय.

आधी गाडीचं. फोर बाय फोरमुळे चारही चाकांना जोर मिळतो आणि चिखलातून, खड्या चढावरून गाडी निघते. पण थांबताना त्याचा उपयोग नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात, त्यामुळे बर्फावर दोन्ही गाड्या सारख्याच घसरतात. पाण्यात तर हा भरवसा जास्तच महाग पडतो. मनालीहून स्पितीला जाताना ग्राम्फू सोडून बातलकडे निघालं की रस्त्यावर नाले आडवे येतात. पाणी वरच्या वितळणाऱ्या बर्फाचं. दिवसभर ऊन खाऊन ते दुपारी फुगतं, रात्रीच्या थंडीत उतरतं.

एकदा आम्ही छत्रूच्या पुढे अशाच एका नाल्यावर दुपारी तीनला पोचलो. पुढच्या गाडीवाल्याने खाली न उतरताच गाडी घातली. मधोमध इंजिन बंद पडलं आणि त्याने घाईघाईने परत स्टार्टर मारला. खटकन एक आवाज आला, बस. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. ती गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवून मनालीला न्यावी लागली. आम्ही नाल्याच्या अलीकडच्या काठालाच मुक्काम केला. पहाटे सहाला त्याच जागी पाणी माझ्या बुटाच्या लेसपर्यंत होतं.

नाल्यात आधी माणूस उतरतो, हातात काठी घेऊन. जिथे चालत पार होता येत नाही, तिथे गाडी घालायची नाही. आणि पाण्यात बंद पडलीच, तर चावीला हात लावायचा नाही.

मेसेजसोबत चंद्रा नदीतून आरपार गेलेल्या थारचा व्हिडिओ जोडलेला असतो. तो डिसेंबर २०२३ चा आहे. डिसेंबरात वर बर्फ वितळत नाही, त्यामुळे नदी आटलेली असते. हाच प्रयोग जुलैत केला तर गाडी आणि माणसं दोन्ही वाहून जातील. त्या गाडीला पोलिसांनी साडेतीन हजारांचा दंड केला, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

गूगलबद्दल थोडक्यात. नकाशा आधी डाउनलोड केला असेल तर नेटवर्कशिवायही तुम्ही कुठे आहात ते फोन दाखवतो. पण ४,५०० मीटरच्या वरचा कुंझुम घाट आज उघडा आहे का, नाल्याला पाणी किती, हे वरून उतरणारा ड्रायव्हरच सांगू शकतो. त्याला हात करून विचारा. मनाली सोडली की या रस्त्यावर थेट काझाला, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाला, पेट्रोल पंप लागतो, सुमारे दोनशे किलोमीटरवर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किती पिते, ते धरून हिशेब करा.

आता उंची. मला सगळ्यात जास्त काळजी याच मुद्द्याची वाटते. मनाली दोन हजार मीटरवर, वाटेतलं चंद्रताल सरोवर सव्वाचार हजारांवर. पोरं सकाळी मनाली सोडतात आणि रात्री चंद्रतालच्या तंबूत झोपतात. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. इथे एका दिवसात दोन हजारांहून जास्त वाढते. वय आणि जिमची बॉडी याला उत्तर नाही. उलट धडधाकट पोरगा डोकेदुखी दाबून ठेवतो, सांगायला लाजतो. डोकं दुखणं, मळमळणं इथपर्यंत आराम करा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच खाली उतरायचं. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घरच्या डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. त्यापेक्षा शिमल्याकडून जा. कल्पा, ताबो, मग काझा, असे मुक्काम हळूहळू चढत जातात. कुंझुम परतीला ठेवा.

‘कुणीतरी ओढेल’ यातही जीव जातात. मागून येणाऱ्याकडे जाड दोर असतो, उत्साह असतो, आणि तो दोर गाडीमागच्या, ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला अडकवतो. झटका बसला की तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा सुटतो आणि काच फोडून आत येतो. दोर फक्त चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावायचा. मधोमध जाड जॅकेट किंवा गोधडी टाकायची, म्हणजे तुटला तरी उसळी कमी होते. बघ्यांनी दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं राहायचं. आणि त्याही आधी फावडं काढायचं. चाकापुढची माती उकरून टायरची हवा थोडी कमी केली की बऱ्याचदा ओढायची वेळच येत नाही. नंतर हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर बरोबर हवा. शक्यतो दोन गाड्या न्या. नेटवर्क नाही म्हणून कुणी परदेशातून सॅटेलाइट फोन आणायला सुचवलं तर ऐकू नका. परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

राहिला ‘घरी बसणाऱ्यांचा’ टोमणा. आम्ही दर खेपेला दोन दिवस मोकळे ठेवले, म्हणूनच त्या नाल्यापाशी रात्र काढता आली. ज्याने परतीचं विमान किंवा सोमवारचं ऑफिस डोक्यात ठेवलेलं असतं, तोच दुपारी तीनला गाडी पाण्यात घालतो.

निघण्याआधी मी फ्रिजवर एक कागद लावतो. रोजचा मुक्काम, गाडीचा नंबर, बरोबरच्यांची नावं, रक्तगट. त्याखाली ‘अमुक तारखेला रात्री आठपर्यंत फोन आला नाही, तर इथे कळव’ असं लिहून केलाँगच्या (स्पितीच्या जिल्ह्याचं मुख्यालय) जिल्हा आपत्ती कक्षाचा पूर्ण नंबर, एसटीडी कोडसकट. पुण्यातून या कक्षाचा नुसता १०७७ नंबर लावला तर तो पुण्याच्याच कक्षात जाईल, म्हणून बायकोने त्या कोडला लाल पेनाने गोल केलेला असतो.