अधूनमधून बिघडणारे कार्ड

वस्तू एकदाची पूर्ण बिघडली की माणसाचे काम सोपे होते. ग्राफिक्स कार्ड मेले, पडद्यावर काहीच दिसेना, की बिल शोधायचे, कार्ड कॅबिनेटमधून उपसायचे आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर नेऊन ठेवायचे. विचार करण्यासारखे त्यात काही उरत नाही. माझ्या कार्डाने मला ही सोय दिलेली नाही. ते बिघडलेले आहे, पण अधूनमधून.

घरी बसून इमारतींची थ्रीडी चित्रे रेंडर करून देणे हा माझा व्यवसाय आहे. रेंडर सुरू होऊन कार्ड चांगले तापले की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरवे-गुलाबी बारीक चौकोन उमटतात, ते हळूहळू बिल्डरच्या स्विमिंग पूलवर पसरतात, मग सगळाच पडदा काळा होतो आणि कार्डाचे दोन्ही पंखे अशा जोराने फिरू लागतात की स्वयंपाकघरातून "अहो, झालं का पुन्हा?" असा प्रश्न येतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की कार्ड असे वागते, जणू काही घडलेच नाही, आणि पुढे कित्येक दिवस त्याच्या वर्तनात नाव ठेवायला जागा सापडत नाही.

या दुखण्यावर सल्ला देणाऱ्यांची मात्र कधीही कमतरता पडलेली नाही. शेजारचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा म्हणाला, "काका, ड्रायव्हर पूर्ण उडवून परत टाका." ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर. टाकला. लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या दुकानातून कार्ड घेतले, त्या दुकानदाराने फोनवरच निदान केले, "साहेब, कार्डाचे सोनेरी पाय खोडरबरने पुसा, नव्वद टक्के केसेस तिथेच सुटतात." मी मुलीच्या कंपासपेटीतला रबर घेऊन ते पाय एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने इतके चकचकीत केले की सराफालाही कौतुक वाटावे, परंतु आमची केस उरलेल्या दहा टक्क्यांतली निघाली. मग त्याने एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घेतला. माझे कार्ड १७० वॉट घेते. मदरबोर्डचा स्लॉट त्याला ७५ वॉटपर्यंत आणि आठ पिनांची केबल १५० वॉटपर्यंत देऊ शकते, म्हणजे हिशेबात कुठेही तूट नाही. तरीही एसएमपीएसवाल्यांचे म्हणणे दोष कार्डात आहे आणि कार्डवाल्यांचे म्हणणे दोष एसएमपीएसमध्ये आहे. दोघांचीही वॉरंटी शाबूत आहे आणि दोघांचाही आत्मविश्वास तसाच शाबूत आहे.

तापल्यावरच दुखणे का उठते, याचे कारण मला वाचून कळले आहे. चिप आणि तिच्याखालची पट्टी जोडणारे डाखाचे (सोल्डरचे) सूक्ष्म ठिपके तापले की फुगतात, थंड झाले की आकसतात, आणि असे हजारो वेळा झाले की एखाद्याला तडा जातो. ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपच्या चिपांतील अशाच दुबळेपणापायी जुलै २००८ मध्ये १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च जाहीर केला होता. यावर एक गावठी इलाजही जगप्रसिद्ध आहे: कार्डाचा पंखा आणि प्लॅस्टिक काढून ते ओव्हनमध्ये काही मिनिटे भाजायचे. त्याने काही कार्डे थोड्या काळापुरती जिवंत होतात म्हणे. हा विषय मी घरी काढून पाहिला. ज्या ओव्हनमध्ये नानकटाई होते, त्यात डाखाचा वास येणार असेल तर त्याच्या वॉरंटीची चौकशी आधी करावी, असे मला सांगण्यात आले.

राहता राहिली कार्डाची वॉरंटी. तिची कलमे मी कराराच्या कागदांइतकी बारकाईने वाचली आहेत. कार्ड मेलेले चालते, पण जळालेले चालत नाही. सिरियल नंबरचे स्टिकर शाबूत लागते. बदलून मिळणारे कार्ड नवेच असेल असे नाही, ते दुरुस्त केलेलेही असू शकते, आणि त्याला वॉरंटी मिळते ती बहुधा जुन्याचीच उरलेली. माझी झोप उडते ती या दुरुस्त केलेल्या कार्डाच्या कल्पनेने. ते कोणाचे असणार? माझ्यासारख्याच कोणाचे तरी, अधूनमधून बिघडणारे, वैतागून परत केलेले. ते माझ्याकडे येणार आणि माझे, डाख लावून, पुसून, नाशिक किंवा कोल्हापूरच्या कोणा सज्जनाकडे जाणार. शिवाय १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने माइनिंगच, म्हणजे ग्राफिक्स कार्डांना अखंड गणिते करायला लावून नाणी कमावण्याची पद्धतच, बंद केल्यापासून, शेडमध्ये रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात फिरत आहेत, त्यांतले एखादे वाट्याला आले तर? माझ्या कार्डाचे दुर्गुण निदान मला ठाऊक आहेत. चौकोन दिसू लागले की फाइल सेव्ह करायला किती अवधी मिळतो, हेही आता हाताला कळते.

त्यात प्रोसेसर घेताना मी नावाच्या शेवटी 'एफ' असलेला, म्हणजे अंगचे ग्राफिक्स नसलेला, इंटेलचा प्रोसेसर घेतला होता. थोडे पैसे वाचले. परिणामी कार्ड गेले की पडदाही गेला, आणि बदली येईपर्यंत बिल्डरला कोणते कारण सांगायचे हा प्रश्न उभा राहिला. आजारपण, गावची जत्रा आणि लोडशेडिंग ही तिन्ही कारणे माझ्याकडून वापरून झालेली आहेत.

ऑनलाइन फॉर्म भरायला बसलो, तर दोषाच्या यादीत 'डिस्प्ले नाही', 'पंखा फिरत नाही' आणि 'आवाज येतो' एवढेच पर्याय होते. 'कधीकधी' असा पर्याय कोणालाच सुचलेला नव्हता. फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने फार आपुलकीने सांगितले, "सर, प्रॉब्लेम आला की व्हिडिओ काढून ठेवा." मग मी मोबाइल स्टँडवर लावून रात्री उशिरापर्यंत रेंडर चालवले. पाहुण्यांनी "बाळ, गाणं म्हण" म्हटल्यावर तोंड मिटून बसणाऱ्या मुलासारखे कार्ड निमूट राहिले, आणि माझ्याकडे एका निर्दोष स्विमिंग पूलचे दीर्घ चित्रीकरण जमा झाले.

अखेर वॉरंटीची मुदत संपत आल्याने, शेजारच्या मुलाचे जुने कार्ड तात्पुरते मागून घेऊन, मी सर्व्हिस सेंटर गाठले. तिथला एसी असा चालला होता की टोकन धरलेली बोटे आखडत होती. काउंटरवरच्या तरुणाने कार्ड उलटेसुलटे करून टॉर्चने पाहिले, स्टिकरचा फोटो काढला आणि म्हणाला, "सर, हे मॉडेल आता स्टॉकमध्ये नाहीये. दुसरं काहीतरी येईल. सिस्टीममध्ये एंट्री केली की परत देता येणार नाही. करू ना?" मागच्या रांगेतून कोणीतरी घसा खाकरला. मी म्हणालो, "करा."

"आधी टेस्ट घेतो," असे म्हणून त्याने कार्ड टेबलावरच्या उघड्या मदरबोर्डला लावले. पडदा क्षणात उजळला. रंग असे स्वच्छ की मी घरी कधी पाहिले नव्हते. त्याने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कार्ड काढण्यासाठी हात पुढे केला.

"अहो," मी काउंटरवर ओणवा होत म्हणालो, "जरा तापू तरी द्या त्याला!"