खुलासा: एमा विल्सनचं सुवर्ण कुणी काढून घेतलं नाही

‘पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंगचे नियम शेवटच्या दिवशी बदलले आणि आघाडीवरच्या ब्रिटिश मुलीचं सुवर्ण गेलं’ हा मेसेज मीही इथे टाकला होता. तो चुकीचा आहे. माझी पोस्ट काढली आहे.

निकालपत्रकं आणि स्पर्धेआधीच जाहीर झालेली पद्धत आता नीट वाचली. फ्रान्समधल्या मार्सेच्या समुद्रावर ब्रिटनच्या एमा विल्सनने प्राथमिक फेरीतल्या 14 पैकी 8 शर्यती जिंकल्या होत्या, हे खरं. पण तिच्या आयक्यूफॉइल प्रकारात (पाण्याखालच्या पंखामुळे फळी पाण्यावर उचलली जाते असं विंडसर्फिंग) तेव्हा पहिल्या दहा जणी पुढे जात होत्या आणि प्राथमिक फेरीचे गुण अंतिम शर्यतीत धरले जात नव्हते. पहिली थेट अंतिम शर्यतीत, दुसरी-तिसरी उपांत्य फेरीत, बाकीच्या उपांत्यपूर्व फेरीत. शेवटी तिघीच, एकच शर्यत. 3 ऑगस्ट 2024 रोजी ती इटलीच्या मार्ता माजेत्तीने जिंकली, इस्रायलची शॅरॉन कँतोर दुसरी, एमा तिसरी. पद्धत सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. पुरुषांनाही तीच लागू होती.

आठवडाभराची मेहनत एका शर्यतीवर टांगणं मला अजिबात पटत नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये डिंगी या लहान शिडाच्या होड्यांना पदक-शर्यतीचे (म्हणजे शेवटच्या शर्यतीचे) दुप्पट गुण आधीच्या गुणांत मिळवले गेले. ते जास्त न्याय्य वाटतं. त्यावर जरूर वाद घालू. पण नियम बदलल्याचा आरोप खोटा आहे आणि त्याने माजेत्तीवर अन्याय होतो.

तो जुना मेसेज कुठल्या ग्रुपवर पाठवला असेल तर कृपया काढा, पुढे पाठवू नका.