‘आधी मोबाईल फेकून द्या’ : इस्रायलवरच्या बहिष्काराविषयीच्या एका फॉरवर्डचा प्रतिवाद

गाझाची बातमी आली की एक संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागतो. त्याचा सारांश असा : ‘इस्रायलवर बहिष्कार घालणाऱ्यांनी आधी आपला मोबाईल, कॉम्प्युटरमधली चिप आणि शेतातलं ठिबक फेकून द्यावं. ते जमत नसेल तर ढोंग थांबवावं. हा खरं तर ज्यूद्वेष आहे. याने पॅलेस्टिनी मजुरांचीच रोजीरोटी जाते आणि इस्रायलला काडीचाही फरक पडत नाही.’

यात चार दावे आहेत. ते एकेक करून पाहू.

‘सगळं फेका, नाहीतर गप्प बसा’

बहिष्कार, निर्गुंतवणूक (गुंतवलेले पैसे काढून घेणं) आणि निर्बंध या मोहिमेचं आवाहन १७० हून अधिक पॅलेस्टिनी संघटनांनी ९ जुलै २००५ रोजी केलं. त्याच्या बरोबर वर्षभर आधी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वेस्ट बँक या व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात इस्रायलने बांधलेली भिंत बेकायदा असल्याचं मत दिलं होतं. मागण्या तीन होत्या : अरब जमिनींवरचा कब्जा संपवून भिंत पाडणे, इस्रायलच्या अरब नागरिकांना पूर्ण समान हक्क, आणि संयुक्त राष्ट्रांच्या ठराव १९४ नुसार निर्वासितांना परतण्याचा हक्क.

मूळ आवाहन व्यापक आहे, हे मान्य. पण प्रत्यक्षातली मोहीम मोजक्याच कंपन्या निवडते, आणि निवडीचे निकष ठरलेले आहेत. कंपनीचा सहभाग थेट आहे का? तो कागदपत्रांनी दाखवता येतो का? दबाव आला तर तिला गमावण्यासारखं काही आहे का? तिला नेमकं काय थांबवायला सांगायचं? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण मागणी पूर्ण झाली की बहिष्कार उठला पाहिजे. फ्रान्सच्या वेओलिया कंपनीचा जेरुसलेमच्या लाइट रेलमध्ये हिस्सा होता, आणि ही रेल्वे पूर्व जेरुसलेममधल्या वसाहतींना, म्हणजे व्याप्त जमिनीवर वसवलेल्या इस्रायली वस्त्यांना, शहराशी जोडते. २०१५ मध्ये कंपनीने तो हिस्सा विकला आणि तिच्याविरुद्धची मोहीम संपली. ज्या बहिष्काराला असा शेवटच नाही तो नुसता राग व्यक्त करतो, कंपनीला वागणूक बदलायचं कारण देत नाही.

आता मोबाईल आणि चिप. विकत घेतलेल्या वस्तूचे पैसे कंपनीला केव्हाच पोचलेले असतात. ती कचऱ्यात टाकली तर कंपनीचा एक रुपयाही कमी होत नाही, घरात मात्र नवी खरेदी निघते. प्रश्न पुढच्या खरेदीचा असतो. त्यातही घरातल्या एका प्रिंटरपेक्षा विद्यापीठाने किंवा महापालिकेने काढलेल्या पाचशे प्रिंटरांच्या निविदेचं वजन कितीतरी जास्त.

ठिबकचा मुद्दा आपल्याकडे हमखास निघतो, म्हणून थोडं सविस्तर. नेताफिम या ठिबक कंपनीची सुरुवात १९६५ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या हात्झेरिम या किब्बुत्झमध्ये (सामुदायिक शेतवस्तीत) झाली. २०१८ पासून तिचा ८० टक्के हिस्सा एका मेक्सिकन कंपनीकडे आहे. जळगावच्या जैन इरिगेशनने इस्रायलची नानदान ही ठिबक कंपनी २००७ मध्ये निम्मी आणि २०१२ मध्ये पूर्ण विकत घेतली होती. थोडक्यात, तंत्रज्ञानाचा जन्म एका देशात, मालकी दुसऱ्या, कारखाना तिसऱ्या. ‘शोध कुठे लागला’ हा निकष लावला तर जगात कुणालाच कशावरही बहिष्कार घालता येणार नाही. विचारायचं ते हे : या कंपनीच्या मालाने किंवा सेवेने आज कुणाची जमीन जाते आहे, कुणाचं घर पडतं आहे?

आणि चुका बहिष्काराच्या समर्थकांकडूनही होतात. शंभर-दोनशे ब्रँडचे लोगो चिकटवलेली लांबलचक पोस्टरं ही त्यातली मोठी चूक. कोणता लोगो का आहे हे पोस्टर टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि एक नाव खोटं निघालं की उरलेल्या नावांवरचा विश्वासही जातो. स्टारबक्स पाहा. कॉफीच्या या साखळीचं इस्रायलमध्ये एकही दुकान नाही. सहा होती, ती २००३ मध्येच बंद झाली. भारतात ती टाटांच्या भागीदारीत चालते.

दुसरी चूक बारकोडची. ‘७२९ ने सुरू होणारा माल घेऊ नका’ हा सल्ला अर्धवट आहे. पहिले तीन आकडे कंपनीने तो क्रमांक कोणत्या देशातल्या संस्थेकडून घेतला एवढंच सांगतात. इस्रायलचे ७२९, भारताचे ८९०. माल कुठे पिकला हे त्यावरून कळत नाही. वसाहतीत पिकलेला खजूर युरोपात पुन्हा पॅक झाला तर बारकोड त्या पॅक करणाऱ्याचा लागतो. मेजूल खजूर हे याचं उत्तम उदाहरण. वेस्ट बँकेच्या जॉर्डन खोऱ्यातल्या वसाहतींत तो मोठ्या प्रमाणावर होतो, पण जेरिकोचे पॅलेस्टिनी शेतकरीही तोच पिकवतात आणि निर्यात करतात. सरसकट मेजूल टाळला तर मार त्यांनाही बसतो. म्हणून पाकिटावर उत्पादक देश, पॅक करणारा आणि आयातदार ही तिन्ही नावं वाचायची. ‘इस्रायल’ एवढंच लिहिलेलं असेल तर माल वसाहतीतला की मूळ इस्रायलमधला, हे कळत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये वसाहतीतल्या मालावर तसं लिहिणं बंधनकारक ठरवलं ते याच कारणाने. सुट्ट्या खजुराबाबत दुकानदाराला खोका दाखवायला सांगणं हाच मार्ग.

‘हा ज्यूद्वेष आहे’

मराठीत बहिष्कार या शब्दाचा एक जुना, क्रूर अर्थ आहे : माणसाला वाळीत टाकणे. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. आपल्याकडे हा आरोप पटकन पटतो तो शब्दाच्या या सावलीमुळे, आणि म्हणूनच त्याला सावध उत्तर द्यायला हवं.

माणसाला त्याच्या जन्मावरून टाळणं आणि कंपनीला तिच्या कृतीवरून टाळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. इस्रायली विद्यापीठांवरच्या शैक्षणिक बहिष्काराचे नियमही संस्थांना लागू होतात. केवळ इस्रायली किंवा ज्यू आहे म्हणून एखाद्या व्यक्तीला दूर ठेवणं त्यात बसत नाही. अमेरिकेतली ‘ज्यूइश व्हॉइस फॉर पीस’ ही ज्यूंचीच संघटना या मोहिमेला पाठिंबा देते.

पण समर्थकांमध्ये कुणी ज्यूद्वेष्टा नसतोच, असं म्हणणं खोटं ठरेल. जिथे तो दिसेल तिथे तो थांबवणं ही समर्थकांचीच जबाबदारी. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्रायल, पेणकर-किहीमकर-रोहेकर आडनावांची ही माणसं, घरात आजही मराठी बोलतात; त्यांतले कित्येक इस्रायलमध्ये गेल्यावरही. मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर २००८ मध्ये झालेला हल्ला आपण विसरलेलो नाही. सिनेगॉग, ज्यू माणसाचं दुकान, हिब्रू पाटी यांतलं काहीही बहिष्काराचं लक्ष्य असू शकत नाही. कुणी तसं सुचवलं तर ती पोस्ट पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे चूक सांगा.

‘पॅलेस्टिनी मजुराचंच नुकसान होतं’

चारांपैकी वजनदार दावा हाच, कारण त्यात तथ्य आहे. घरगुती सोडा-यंत्रं बनवणाऱ्या सोडास्ट्रीम या इस्रायली कंपनीचा कारखाना वेस्ट बँकेतल्या मिशोर अदुमिम या वसाहतीच्या औद्योगिक पट्ट्यात होता. २०१५ मध्ये तो बंद होऊन नेगेवमध्ये हलला आणि सुमारे ५०० पॅलेस्टिनी कामगारांचं काम गेलं. कंपनीने हा निर्णय व्यावसायिक असल्याचं सांगितलं, बहिष्कारवाल्यांनी तो आपला विजय मानला. त्या ५०० घरांना बसलेला फटका दोन्ही हिशोबांत खराच.

मग हिशोब पूर्ण मांडू. वेस्ट बँकेचा सुमारे ६० टक्के भाग ‘क्षेत्र क’ मध्ये येतो. तिथे इस्रायलचं पूर्ण नियंत्रण आहे आणि पॅलेस्टिनींना बांधकामाची, विहिरीची, कारखान्याची परवानगी क्वचितच मिळते. जागतिक बँकेने २०१३ मध्ये अंदाज मांडला की या निर्बंधांमुळे पॅलेस्टिनी अर्थव्यवस्था वर्षाला सुमारे ३.४ अब्ज डॉलर, म्हणजे तिच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३५ टक्के, गमावते. वसाहतीतला कारखाना ज्या जमिनीवर रोजगार देतो, तिथे पॅलेस्टिनी माणसाला स्वतःचा कारखाना काढता येत नाही. आणि तो रोजगारही परवान्यावर लटकलेला : ऑक्टोबर २०२३ मधल्या हमासच्या हल्ल्यानंतर वेस्ट बँकेतल्या दीड लाखाच्या आसपास कामगारांचे इस्रायलमधले रोजगार एका फटक्यात बंद झाले, आणि ते कुठल्या बहिष्काराने नव्हे. पॅलेस्टिनी कामगार संघटनांनी २००५ च्या आवाहनावर सह्या केल्या त्या ही किंमत ठाऊक असूनच. त्यांच्या वतीने निर्णय घेणारे आपण कोण?

‘काडीचाही फरक पडत नाही’

इस्रायलची अर्थव्यवस्था बहिष्काराने कोसळलेली नाही, आणि तसा दावा करणाऱ्या पोस्टही खोट्या आहेत. परिणाम पाहायचा तो एकेका कंपनीच्या वागणुकीत. फ्रान्सच्या ऑरेंज या दूरसंचार कंपनीने २०१६ मध्ये इस्रायलमधल्या भागीदाराशी नाव वापरण्याचा करार संपवला. त्याच वर्षी आयर्लंडच्या सीआरएच या बांधकाम-साहित्य कंपनीने इस्रायलच्या नेशेर सिमेंटमधला आपला अप्रत्यक्ष हिस्सा विकला. ब्रिटनच्या जी४एस या सुरक्षा कंपनीने तुरुंगांना सेवा पुरवणारी तिथली शाखा विकायला काढली. कंपन्या याचं कारण बहुधा ‘व्यावसायिक’ म्हणूनच सांगतात. त्यामुळे नेमकं किती श्रेय बहिष्काराचं, हे सिद्ध करणं अवघड आहे.

अपयशंही आहेत. घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने नोव्हेंबर २०१८ मध्ये वसाहतींतली सुमारे २०० घरं यादीतून काढण्याची घोषणा केली आणि खटले पडल्यावर पुढच्या एप्रिलमध्ये ती मागे घेतली. बेन अँड जेरीज या आइस्क्रीम कंपनीने २०२१ मध्ये व्याप्त प्रदेशातली विक्री थांबवायचं ठरवलं, तर तेव्हाच्या मालक युनिलिव्हरने वर्षभरात इस्रायलमधला तो व्यवसायच स्थानिक परवानाधारकाला विकून टाकला. जाहीर घोषणेवर समाधान मानून मोहीम थांबली की हे असं होतं. प्रत्यक्ष अंमलबजावणी होईपर्यंत लक्ष ठेवावं लागतं.

पैशाचा खरा ओघ मात्र किराणा दुकानाबाहेर, निवृत्तिवेतन निधींत आहे. नॉर्वेच्या सरकारी निधीने ऑगस्ट २०२५ मध्ये बुलडोझर बनवणारी कॅटरपिलर आणि पाच इस्रायली बँका आपल्या गुंतवणुकीतून वगळल्या. कारण दिलं ते बुलडोझरने पाडलेल्या घरांचं आणि वसाहतींच्या बांधकामाला मिळणाऱ्या वित्तसेवेचं. या निधीने २००५ चं आवाहन कधीच स्वीकारलेलं नाही. त्याने स्वतःचेच नैतिक नियम लावले, आणि त्याला ‘कट्टर’ म्हणून झटकता येत नाही.

हे काम कुणालाही करता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाची वसाहतींशी व्यवहार असलेल्या कंपन्यांची यादी जाहीर आहे. सप्टेंबर २०२५ च्या आवृत्तीत १५८ नावं आहेत. परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने आपल्या निवृत्तिवेतन निधीची गुंतवणूक-यादी मागवावी आणि दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये स्थानिक निवृत्तिवेतन निधींना अशी निर्गुंतवणूक करण्यापासून रोखणारा सरकारी निर्देश बेकायदा ठरवला, तेव्हा तिथे तर विश्वस्तांना हे थेट विचारता येतं. भारतात म्युच्युअल फंडांना दर महिन्याचा पोर्टफोलिओ जाहीर करावा लागतो. पण परदेशी फंडात पैसे गुंतवणारी ‘फंड ऑफ फंड्स’ योजना असेल तर त्यात फक्त त्या मूळ फंडाचं नाव दिसतं. आतल्या कंपन्या पाहायला त्या मूळ फंडाच्या संकेतस्थळावर जावं लागतं. इंडेक्स फंडातून एकच कंपनी वगळा असं सांगून उपयोग नसतो, कारण व्यवस्थापकाला निर्देशांक पाळावा लागतो. तिथे योजना बदलणं किंवा काही कंपन्या वगळलेल्या निर्देशांकाची योजना मागणं, एवढेच पर्याय उरतात. पत्र लिहाल तर एका पानात, एकाच कंपनीबद्दल, तिचं त्या यादीतलं नाव जसंच्या तसं देऊन, आणि उत्तरासाठी तारीख घालून लिहा.