गोळ्या बंद करा म्हणे!

‘किडनी बसवल्यावर आठवड्यात डायलिसिस लागलं म्हणजे शरीराने ती नाकारली. गोळ्याच किडनी जाळतात, त्या बंद करून काढा घ्या. जुन्या किडन्या न काढल्यानं नवी गुदमरते.’ हे फॉरवर्ड आमच्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपवरून वहिनीपर्यंत गेलं, दादाचे टाके अजून ओले असताना. लगेच तिचा फोन, “भाऊजी, रात्रीची गोळी देऊ का नको?” पाठवणारे काका, आता ऐकाच.

डायलिसिस म्हणजे नकार, हे कोणी ठरवलं? दादाची किडनी ब्रेन-डेड दात्याची. बर्फात, रक्ताविना तासन्‌तास राहिलेली. रक्त पुन्हा सुरू झालं की तिच्या नलिकांना मार बसतो, लघवी उशिरा सुरू होते. डॉक्टर याला डिलेड ग्राफ्ट फंक्शन म्हणतात. बहुतेक वेळा काही दिवसांत-आठवड्यांत गाडी रुळावर येते. रिजेक्शनही होतं, नाही कोण म्हणतंय? पण शिरेत गुठळी, मूत्रनलिका तुंबणं, लघवी गळणं, अगदी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, अडकणंही असू शकतं. म्हणून आधी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, मग गरजेप्रमाणे बायोप्सी, म्हणजे किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं.

आता गोळ्या. अर्धं खरं आहे, कबूल. टॅक्रोलिमस म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली गोळी. तिची रक्तातली पातळी चढली की किडनीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, वाढतं. म्हणूनच तर पातळी मोजतात! केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वं सुरुवातीला दिवसाआड मोजायला सांगतात. सकाळचं रक्त गोळीच्या आधी काढतात, आकडा बघून डोस कमी-जास्त करतात. गोळी साफ बंद केली तर पांढऱ्या पेशींना रान मोकळं, आणि ज्याची भीती घातली तेच रिजेक्शन दारात. आणि वरून तो काढा प्यायचा! टॅक्रोलिमस यकृतातल्या ज्या एन्झाइमवर पचतं, त्याच्याशी काही वनस्पती खेळतात; कुठे पातळी भडकते, कुठे कोसळते. पपनसही याच कारणानं टाळायला सांगतात. आपलं संत्रं त्या यादीत नाही, पण पोटॅशियम चढलेलं असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच.

राहिल्या जुन्या किडन्या. त्या पाठीशी, बरगड्यांजवळ. नवी बसते ओटीपोटात, तिथल्याच रक्तवाहिन्यांना जोडून. वारंवार संसर्ग किंवा अवाढव्य गाठी असं काही कारण असल्याशिवाय जुन्यांना हात लावत नाहीत. गुदमरायला आधी शेजार तरी हवा ना, काका.