सगळ्यात जास्त स्टेज जिंकतो तोच टूर जिंकतो? साफ चूक

सोलापुरातल्या सायकल ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: टूर द फ्रान्समध्ये (फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल रेस, रोजचा टप्पा म्हणजे एक स्टेज) जास्त स्टेज जिंकेल त्यालाच पिवळी जर्सी, म्हणजे एकूण पहिला नंबर, एकही स्टेज न जिंकता टूर जिंकणं अशक्य, शेवटच्या दिवशी निकाल बदलत नाही, आणि आजचे रायडर जुन्यांपुढे काहीच नाहीत. हे वाचून तुळजापूर रोडला सकाळी स्प्रिंटमध्ये मागे पडणाऱ्या पोरांना लोक बिनधास्त सांगायला लागलेत की स्टेज रेस तुझं काम नाही. चुकीच्या माहितीवर पोरांचं मन मोडू नका, एवढ्यासाठी हे लिहितोय.

पहिलं म्हणजे पिवळी जर्सी वेळेच्या बेरजेवर मिळते. एकवीस स्टेजचा प्रत्येकाचा टाइम धरायचा, ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. आता सपाट रस्त्यावर शंभर जण एकाच घोळक्यात आले तर त्या सगळ्यांना एकच टाइम लागतो, पहिल्याला वर १० सेकंदांचा बोनस मिळतो, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४, बास. म्हणजे तीन स्प्रिंट मारून अर्धं मिनिट कमावलं आणि एका डोंगरात पाच मिनिटं घालवली की हिशोब तिथंच संपला. १९७६ ला फ्रेडी मार्टेन्सनं एकाच टूरमध्ये ८ स्टेज जिंकल्या आणि एकूण नंबर आला आठवा, जिंकला लुसियन व्हॅन इम्प, ज्यानं त्या वर्षी एकच स्टेज मारली होती, तीही डोंगरातली. मार्क कॅव्हेंडिशच्या नावावर ३५ स्टेज आहेत, म्हणजे जुना दिग्गज एडी मर्क्सपेक्षाही एक जास्त, सगळ्यात मोठा रेकॉर्ड, पण एकूण यादीत हा माणूस कधी पहिल्या शंभरातही नव्हता. त्यानं एकूण टूर जिंकायचा ध्यासच धरला नव्हता, त्याचं काम वेगळं होतं आणि त्यात त्याच्यासारखा दुसरा झाला नाही.

एकही स्टेज न जिंकता टूर अशक्य म्हणे! १९९० ला ग्रेग लेमंडनं हेच केलं. सुरुवातीलाच चौघं जण पळाले आणि दहा मिनिटांहून जास्त पुढं गेले, त्यातला क्लाउडियो कियापुची शेवटपर्यंत चिकटून राहिला, आणि लेमंडनं घाई न करता थोडी थोडी करत ती सगळी लीड खाल्ली, शेवट जवळ आल्यावर टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायची स्टेज) जर्सी घेतली आणि २ मिनिटं १६ सेकंदांनी जिंकला. स्टेज शून्य. २०१७ ला क्रिस फ्रूमचंही तेच. २०१९ ला टूर जिंकणाऱ्या एगन बर्नालचं वेगळं झालं, इझेरान घाटावर तो सगळ्यांच्या पुढं होता पण पलीकडं उतारावर गारा आणि दरड, रेस थांबवली, टाइम घाटमाथ्यावरचा धरला आणि त्या स्टेजला विजेताच जाहीर झाला नाही.

आता शेवटच्या दिवसाचं. हे अर्धं खरं आहे, पॅरिसची शेवटची स्टेज बरीच वर्षं मिरवणुकीसारखीच चालते आणि पिवळ्या जर्सीवर सहसा कुणी हल्ला करत नाही. पण ‘कधीच नाही’ म्हणणं चूक. १९४७ ला जाँ रोबिक आणि १९६८ ला यान यान्सन, दोघांनीही शेवटच्या दिवशीच टूर हिसकावली, त्याआधी त्या टूरमध्ये एक दिवसही पिवळी जर्सी अंगावर नव्हती. आणि १९८९ तर माहितीच पाहिजे. व्हर्सायपासून पॅरिस, २४.५ किलोमीटर, एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध, लॉरां फिन्यों लेमंडच्या ५० सेकंदांनी पुढं. लेमंडच्या सायकलीला पुढं हात टेकवून वाकता येईल असा हँडल आणि डोक्यावर मागं निमुळतं हेल्मेट, फिन्यों उघड्या डोक्यानं, मागं पोनीटेल हवेत, वर सीटवर बसायच्या जागी फोड आलेला. लेमंड आधी पोचला आणि घड्याळाकडं बघत उभा. फिन्यों ५८ सेकंद जास्त घेऊन आला आणि लाइन ओलांडून रस्त्यावरच कोसळला. तीन हजारांवर किलोमीटर सायकल हाणून फरक किती, तर ८ सेकंद.

जुने विरुद्ध नवे, यात मेसेजमधला एक आकडा बरोबर आहे: १९२६ ची टूर खरोखर ५,७४५ किलोमीटरची होती, सगळ्यात लांब. पण तेव्हा सरासरी वेग ताशी २४ च्या आसपास, २०२५ ला जिंकलेला पोगाचार ४२ च्या वर. खराब रस्ते, जड सायकली, रात्री-अपरात्री सुरू होणाऱ्या स्टेज, त्यांची ताकद वेगळीच होती यात वाद नाही. पण नुसत्या अंतरावरून आजच्यांना कमी लेखणं पटत नाही.

मेसेजच्या शेवटी अजून एक ओळ आहे, की ८ सेकंद हा मोठ्या स्टेज रेसमधला जगातला सगळ्यात कमी फरक. टूरपुरतं खरं. पण १९८४ च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनमधल्या टूरसारख्याच मोठ्या स्टेज रेसमध्ये, एरिक कारितू अल्बर्टो फर्नांडेझच्या पुढं फक्त ६ सेकंदांनी राहिला.