मेनफ्रेमच्या नावातला आकडा मोठा म्हणून यंत्र नवं ठरत नाही

"मेनफ्रेमच्या नावातला आकडा जितका मोठा, तितकं यंत्र नवं आणि ताकदवान. आधी ३६०, मग ३७०, मग ३९०, आणि आकडे पुरेनात म्हणून शेवटी झेड." आयबीएम कंपनीच्या मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांचं काम पेलणाऱ्या बड्या संगणकांबद्दलचा हा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. नवशिकी मुलं तो खरा धरून जुन्या यंत्रांची तुलना करू लागतात, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं.

३६० हा अनुक्रमांक नाही. ७ एप्रिल १९६४ ला जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० मधले ३६० हे वर्तुळाचे अंश. व्यापारी हिशेब आणि शास्त्रीय गणितं यांना तोवर वेगवेगळी यंत्रं लागत. आता एकच घराणं सगळीकडून पुरं पडेल, असा त्यामागचा दावा. ३७० मधला ७० सत्तरच्या दशकाचा आणि ३९० मधला ९० नव्वदच्या. ३८० मात्र कधी आलंच नाही.

मोठा आकडा म्हणजे नवं यंत्र? ३७० चीच मॉडेलं बघा. जून १९७० मध्ये १५५ आणि १६५ जाहीर झाली, सप्टेंबरात १४५, १९७१ मध्ये १३५, १९७२ मध्ये १२५, १९७३ मध्ये ११५. वर्षं पुढे चालली आहेत आणि आकडा खाली उतरतोय, कारण आधी बड्या गिऱ्हाइकांची यंत्रं आली आणि छोट्यांची मागाहून. इथे आकडा यंत्राचा आकार सांगतो, वय नाही.

बरं, निदान ताकद तरी कळते का? एका मालिकेत बरेचदा कळते, मालिका बदलली की नाही. १९७९ ची ४३३१ ही १९७७ च्या ३०३३ पेक्षा कितीतरी लहान. आणि एका मालिकेतही अपवाद आहेतच: १९८० च्या ३०८१ मध्ये दोन प्रोसेसर होते, १९८२ च्या ३०८३ मध्ये एकच.

कधी तर नाव उच्चारातून आलं. ७०९ हे व्हॉल्व्हवर, म्हणजे निर्वात नळ्यांवर चालणारं आयबीएमचं जुनं यंत्र. त्याच्या ट्रान्झिस्टरवाल्या रूपाला आधी ७०९-टी म्हणत. ते 'सेव्हन-ओ-नाइन-टी' असं बोललं की ७०९० सारखंच ऐकू येतं, आणि तेच नाव पडलं.

झेडचं आकडे संपण्याशी काही देणंघेणं नाही. यंत्र बंद राहण्याचा वेळ शून्य, म्हणून 'झीरो'चा झेड, असं आयबीएमनेच सांगितलं. २००० मध्ये झेड-९००, २००३ मध्ये झेड-९९०, आणि २००५ मध्ये थेट झेड-९! पुढे झेड-१०, मग झेड-१९६. झेड-१३ पासून आकडे खरंच ओळीने चढतात, आणि फिरणारा मजकूर लोकांना पटतो तो बहुधा त्यामुळेच. पण त्याच यंत्रांचे चार आकडी टाइप नंबर (यंत्राच्या प्रकाराला कंपनी देते तो क्रमांक) पाहा: झेड-१५ चा ८५६१, त्यानंतरच्या झेड-१६ चा ३९३१.

शिवाय त्या टाइप नंबरापुढे ७०८ असं काही दिसलं, तर ते सातशे आठावं मॉडेल नव्हे. ७ म्हणजे पूर्ण वेग, ०८ म्हणजे त्या वेगाने चालणारे आठ प्रोसेसर.